फौज एक, तिजोरी एक. मग बेकारी भत्ता राज्यागणिक वेगळा का?

वाटसरू:
अमेरिकेत सैन्यातून सुटलेल्याला नोकरी शोधताना ठराविक आठवडे बेकारी भत्ता मिळतो. योजनेचं नाव यूसीएक्स, कायदा १९५८चा. पैसा केंद्राचा, राज्यं अर्ज तपासतात, रक्कम देतात आणि बिल केंद्राकडे लावतात. पण दर आणि मुदत मात्र राज्याच्या कायद्याने! फ्लोरिडात आठवड्याला जास्तीत जास्त २७५ डॉलर, तेही बेकारी कमी असेल तर १२च आठवडे. वॉशिंग्टन राज्यात कमाल रक्कम हजाराच्या वर आणि मुदत २६ आठवडे. एकाच तुकडीतले दोघे एकाच दिवशी सुटले, एक फ्लोरिडातल्या पेन्साकोलाला घरी गेला, दुसरा वॉशिंग्टनमधल्या टकोमाला राहिला, की झाला फरक. १९४४च्या जीआय बिलात, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांसाठीच्या कायद्यात, देशभर एकच हिशेब होता: आठवड्याला २० डॉलर, ५२ आठवडे. तेव्हा जमलं, आता काय अडलंय?

खडूस:
असहमत. हा भत्ता आहे, बक्षीस नाही. फ्लोरिडात गोदामातून कामावरून काढलेल्यालाही २७५च मिळतात, त्याला काय सांगणार? आणि कमाल आकडे फेकू नका. वॉशिंग्टनमध्ये हजार मिळायला पगारही तसा लागतो. चार वर्षं काढलेल्या साध्या सैनिकाच्या हाती त्याहून बरंच कमी पडतं.

मुक्ता:
वॉशिंग्टनचं मान्य. पण फ्लोरिडात उलटं होतं ना! तिथे सर्वाधिक कमाईच्या तिमाहीला २६ने भागतात. म्हणजे तिमाहीला ७,१५० डॉलरच्या वर कमावलं की २७५ची कमाल मर्यादा गाठलीच. सैनिकाचा पगार रँकनुसार केंद्राच्या तक्त्यावरून धरतात, त्यात भत्तेही येतात. तो एवढा सहज भरतो. राहिला गोदामवाला. त्याच्या मालकाने राज्याच्या निधीत कर भरलाय, तिथे राज्याने हात आखडला तर एक वेळ समजू शकतं. सैनिकाच्या भत्त्यात फ्लोरिडाचा छदामही नाही.

निवांत:
एक गोष्ट कुणी सांगत नाही. सुटल्यावर पहिला अर्ज ज्या राज्यात प्रत्यक्ष हजर राहून करता, त्या राज्याचा कायदा लागतो. त्यामुळे सामान बांधायच्या आधी दोन्हीकडचे दर बघा. डीडी-२१४ म्हणजे सैन्यातून सुटल्याचा दाखला, त्याची ‘मेंबर-४’ प्रत जवळ ठेवा. सेवेचा शेरा आणि सुटण्याचं कारण तिच्यावर असतं, आणि अर्ज बहुतेक त्यावरच अडतो.

खडूस:
केंद्राकडे द्या म्हणणाऱ्यांनी १९८२ आठवावं. संसदेने माजी सैनिकांना १३ आठवड्यांची मर्यादा घातली, वर सुरुवातीचे चार आठवडे कोरडे. इतर बेकारांना हे नव्हतं. १९९१ साली ते गेलं. एकच दर म्हणजे चांगलाच दर, हे कुणी ठरवलं?

वाटसरू:
मुद्दा बिनतोड. मग दर राहू दे राज्याकडे, पण मुदत तरी केंद्राने किमान २६ आठवडे बांधून द्यावी. वर काय द्यायचं ते राज्यांनी बघावं.

खडूस:
आणि गोदामवाला १२वरच?

मुक्ता:
त्याच्यासाठी वेगळा धागा काढा, येते भांडायला.