अनुभव धागा : आकाशात टक्कर झाल्याची बातमी आली तेव्हा

पारिजात
परवा एका परिचितांकडे जेवणानंतर गप्पा चालल्या असताना एका गृहस्थांनी फोनवर ती ध्वनिफीत लावली. २९ जानेवारी २०२५ च्या रात्री अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक नदीवर प्रवासी विमान आणि लष्कराचे ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळले, त्या वेळचे रेगन विमानतळाच्या मनोऱ्यातील संभाषण. "आता नीट ऐका हं," असे म्हणून त्यांनी आवाज वाढवला आणि मी उठून स्वयंपाकघरात गेले. आम्ही तिथेच, नदीकाठच्या अलेक्झांड्रियात राहतो. त्या रात्री नऊच्या सुमारास नदीकडून सुरू झालेले सायरन थांबेनात. आम्ही टीव्ही लावण्याआधीच पुण्याहून नणंदेचा फोन आला, कारण तिकडे सकाळ झाली होती आणि आमच्या दारातली बातमी तिला आमच्याआधी कळली होती. विमानात ६४ आणि हेलिकॉप्टरमध्ये ३ अशी ६७ माणसे होती; एकही वाचले नाही. पाणबुडे गोठणाऱ्या पाण्यात शोध घेतच होते, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या ओळखीतल्या बहुतेकांनी दोष कोणाचा हे आपापल्या राजकीय मतानुसार ठरवून टाकले होते. खुद्द राष्ट्राध्यक्षांनीही पत्रकारांसमोर नोकरभरतीच्या सर्वसमावेशक धोरणाकडे बोट दाखवले, तेव्हा चौकशीला जेमतेम सुरुवात झाली होती.

चूक कोणाची, यावर येथे खल नको. अशी बातमी आली तेव्हा तुमच्या आसपासची माणसे कशी वागली, हे मात्र जरूर लिहा.

अण्णा_दिल्लीवाले
मंगळवार, १२ नोव्हेंबर १९९६. दिवाळी नुकतीच झाली होती आणि मी नोकरीनिमित्त दिल्लीत होतो. आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याचा पुतण्या त्याच संध्याकाळी सौदीला निघाला होता. हरियाणातल्या चरखी दादरीजवळ दोन विमाने आदळल्याची बातमी रात्री कळल्यावर इस्त्रीवाला माझ्याकडे आला, कारण विमानतळावर लावलेली यादी इंग्रजीत असणार आणि ती वाचून दाखवायला कोणीतरी हवे होते. आम्ही पोहोचलो तेव्हा यादीपुढे मोठी रेटारेटी होती. नाव पहिल्या पानावर नव्हते, दुसऱ्या पानावर होते. मी ते वाचले, तरी त्याने मला पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावले. आमच्या मागे उभा असलेला एक माणूस, ज्याचे यादीत कोणीही नव्हते, सगळ्यांना मोठ्याने सांगत होता की कझाक वैमानिकाला इंग्रजी येत नव्हते, म्हणून हे घडले. अपघात होऊन तेव्हा काही तासच झाले होते.

सौदी बोइंगमधले ३१२ आणि कझाकस्तानच्या इल्युशिनमधले ३७, असे ३४९ जण त्या संध्याकाळी गेले. बोइंगमध्ये आखाती देशांत मजुरीला निघालेली माणसे पुष्कळ होती. आमच्या कार्यालयातला एक हरियाणवी सहकारी दुसऱ्या दिवशी गावी जाऊन आला. शेतात पारपत्रे, घडी न मोडलेले नवे शर्ट आणि घरून बांधून दिलेले खाण्याचे डबे पडले होते, एवढे त्याने सांगितले आणि पुढे कधीही तो विषय काढला नाही.

तिसरी_घंटा
अण्णा, वाचून सुन्न झाले. आपण तेव्हा आर. के. पुरमला होता का? माझे काका त्या सुमारास सेक्टर सातमध्ये राहत असत. इस्त्रीवाल्याचे पुढे काय झाले?

रेडारवाला
अण्णा, तुमच्या मागचा तो माणूस मला पुढची कित्येक वर्षे भेटत राहिला. मी विमानतळावरील तांत्रिक विभागातून निवृत्त झालो आहे. त्या आठवड्यात लग्नाच्या पंगतीत, रेल्वेच्या डब्यात, अगदी दाढी करून घेतानासुद्धा एकच प्रश्न येई, "तुमच्या लोकांनी झोपा काढल्या का?"

गंमत अशी की तो माणूस सर्वस्वी चूक नव्हता. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत कझाक विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली उतरले, हेच मुख्य कारण ठरले आणि इंग्रजी सूचना समजण्यातल्या अडचणीचाही त्यात उल्लेख होता. सौदी विमान १४,००० फुटांवर होते, म्हणजे दोघांमध्ये नियमानुसार हजार फुटांचे अंतर राहायला हवे होते. परंतु दिल्लीच्या तेव्हाच्या प्राथमिक रडारवर विमानाचा ठिपका दिसे, त्याची उंची दिसत नसे. ती वैमानिक सांगेल तीच खरी मानावी लागे. शिवाय आजूबाजूचे बरेचसे आकाश हवाई दलाच्या ताब्यात असल्यामुळे येणारी आणि जाणारी विमाने एकाच मार्गिकेतून समोरासमोर जात. वैमानिकाची चूक गल्लीत कोणालाही सांगता येते, पण तीच चूक इतकी जीवघेणी का ठरली, हे सांगायला बसलो की समोरचा घड्याळ बघू लागतो. पुढे मार्गिका वेगळ्या झाल्या, उंची दाखवणारे दुय्यम रडार आले आणि टक्करीचा इशारा देणारी टीकॅस यंत्रणा भारतात सक्तीची झाली.

घोटीव_बर्फ
आम्ही उत्तर व्हर्जिनियात असतो आणि माझी मुलगी फिगर स्केटिंग शिकते. विचिटाहून येणाऱ्या त्या विमानात राष्ट्रीय स्पर्धेनंतरचे शिबिर आटोपून परतणारी मुले, त्यांचे पालक आणि प्रशिक्षक होते. दुसऱ्या दिवशी सराव होणार की नाही, हे कोणीच कळवले नाही, तरीही सगळे आले. मुलांनी बुटांच्या नाड्या बांधल्या, बर्फावर उतरली, पण संगीत लावायला कोणी गेले नाही, त्यामुळे तासभर फक्त पात्यांचा खरखरीत आवाज येत होता. पालकांच्या बाकांवर मात्र चर्चा रंगली होती की हेलिकॉप्टर २०० फुटांची मर्यादा ओलांडून वर गेले होते का. मला त्यांचा राग आला, पण आता वाटते की रडण्यापेक्षा आकड्यांवर वाद घालणे त्यांना सोपे जात असावे. मुलीने घरी परतताना एकच विचारले, "त्यांना दिसलं असेल का?" रेडारवाला काका, विमानात तर ती यंत्रणा होती ना?

रेडारवाला
ताई, होती, आणि "ट्रॅफिक, ट्रॅफिक" असा इशाराही टकरीच्या सुमारे वीस सेकंद आधी वैमानिकांना ऐकू आला होता. परंतु जमिनीपासून सुमारे हजार फुटांखाली ही यंत्रणा वर जा किंवा खाली जा, असा आदेश मुद्दामच देत नाही, कारण तेथे खाली जाणे हाही धोकाच असतो. टक्कर जेमतेम तीनशे फुटांच्या आसपास झाली. मुलीला यातले काहीही सांगू नका.

कडीपत्ता
आमच्या कुटुंबाच्या गटात मामांनी एका स्त्रीचे छायाचित्र टाकले, की हीच त्या हेलिकॉप्टरची वैमानिक. हेलिकॉप्टरमधील तिसऱ्या व्यक्तीचे नाव कुटुंबाच्या विनंतीवरून लष्कराने सुरुवातीला जाहीर केले नव्हते आणि ती रिकामी जागा लोकांनी मनानेच भरून टाकली. जिचे छायाचित्र फिरत होते, त्या पारलिंगी वैमानिकेला अखेर आपण जिवंत आहोत, हे सांगणारी चित्रफीत प्रसिद्ध करावी लागली. ती मी मामांना पाठवली. त्यांचे उत्तर आले, "असेल बाई, पण मला सात जणांनी पाठवले होते." त्यांनी छायाचित्र काढले नाहीच, त्याखाली सुप्रभातचा गुलाब मात्र टाकला.

झुरिककर
याची टोकाची परिणती आमच्याकडे पाहिली. १ जुलै २००२ रोजी जर्मनीतल्या युबरलिंगेनच्या आकाशात दोन विमाने आदळून ७१ जण मरण पावले. त्या रात्री झुरिकमधून ती विमाने हाताळणारा हवाई वाहतूक नियंत्रक एकटाच दोन पडदे सांभाळत होता. २००४ मध्ये, आपले सारे कुटुंब गमावलेल्या एका पित्याने त्या नियंत्रकाला त्याच्याच घराच्या दारात भोसकून मारले. शिक्षा भोगून तो मायदेशी परतला तेव्हा त्याचे स्वागत झाले आणि पुढे त्याला उपमंत्रिपदही मिळाले. माझ्या कार्यालयातील सुशिक्षित सहकाऱ्यांपैकी काहींना तेव्हा त्या पित्याचे वागणे समजण्यासारखे वाटत होते, हे मला अजून पचलेले नाही.

पारिजात
झुरिककर, म्हणूनच मी त्या रात्री उठून गेले. पोटोमॅकच्या वेळीही मनोऱ्यात हेलिकॉप्टर आणि विमाने या दोन्हींची जबाबदारी एकाच माणसावर होती आणि सगळ्या जगाने त्याचा आवाज पुन्हा पुन्हा वाजवून ऐकला. मार्चमध्ये चौकशी मंडळाचा प्राथमिक अहवाल आला. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्या परिसरात विमान आणि हेलिकॉप्टर धोकादायकरीत्या जवळ आल्याच्या १५,२१४ नोंदी आधीपासूनच उपलब्ध होत्या, असे त्यातून समोर आले. ती ध्वनिफीत ऐकवणाऱ्या गृहस्थांना मी नंतर हा आकडा सांगितला, तर त्यांनी तो कधी ऐकलाच नव्हता. ध्वनिफीत मात्र त्यांना पाठ होती.

हरभरा_डहाळी
विषय थोडा हलका करते, राग नसावा. सॅन फ्रान्सिस्कोला दोन धावपट्ट्या ७५० फुटांच्या अंतराने समांतर आहेत आणि तेव्हा अनेकदा दोन विमाने जोडीने उतरत. सासूबाईंनी खिडकीतून शेजारच्या विमानातील माणसांच्या खिडक्या पाहिल्या आणि हवाई सुंदरीला बोलावून मराठीत बजावले, "त्याला आधी जाऊ दे, आम्हाला घाई नाही." ही गोष्ट आम्ही वर्षभर हसत सांगत होतो, जानेवारीनंतर सांगितलेली नाही.

अण्णा_दिल्लीवाले
तिसरी_घंटा, होय, आर. के. पुरमच, पण सेक्टर बारा. इस्त्रीवाला दोन-तीन आठवड्यांनी परत आला आणि पुढे बरीच वर्षे तेथेच होता. नुकसानभरपाईचे कागद इंग्रजीत येत, तेही मीच वाचून दाखवत असे. चौकशीचा निष्कर्ष वर्तमानपत्रात आला, तेव्हा तो मी त्याला सविस्तर समजावून सांगितला. त्याने कोळसे सारखे करत सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "साहेब, म्हणजे उंची दिसणारं यंत्र बाजारात मिळत होतं?" मी हो म्हणालो.