मदत हवी आहे: भेटीगाठींचे काम पाळकांखेरीज इतरांकडे कसे सोपवावे?

तापीकाठ (धागाकर्ता)

सर्वांना सलाम. मी जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) पंच आहे. आमच्याकडे सुमारे ८० कुटुंबे आहेत. काही रेल्वेत नोकरीला, काही शिक्षक व परिचारिका, तर बरीचशी रावेर-यावलच्या बाजूला केळीच्या मळ्यांत मजुरीला जाणारी. पाळकसाहेबांकडे (पास्टरांकडे) आसपासच्या खेड्यांतील लहान मंडळ्याही असल्यामुळे उपासना, बाप्तिस्मे, लग्ने आणि मर्तिके सांभाळून प्रत्येक घरी वर्षातून एकदा जाणे त्यांना झाले तरी पुष्कळ. वार्षिक सभेत त्याबद्दल दरवर्षी तक्रार होते. म्हणून मंडळीचे विभाग पाडून एकेक विभाग एकेका वडिलांकडे (मंडळीतील जबाबदार ज्येष्ठांकडे) द्यावा, असे पंचांनी ठरवले असून त्याची आखणी माझ्याकडे आली आहे.

विभाग पाडणे सोपे आहे; अडचण निराळीच आहे. आमच्या लोकांच्या लेखी पाळक आले तरच मंडळी आली. एका आजारी आजींकडे आमचे एक वडील नियमाने जात, स्तोत्र वाचत, प्रार्थना करत, औषध संपले तर आणूनही देत, तरी त्यांच्या घरचे सभेत उठून म्हणाले, "मंडळीतून कोणी फिरकले नाही." हे ऐकल्यावर त्या वडिलांनी पुन्हा उत्साहाने जावे अशी अपेक्षा कशी करावी?

दुसरी अडचण त्याहून नाजूक आहे. भेटीत वचन वाचून होते, प्रार्थना होते, चहा होतो, आणि पाहुणे उठून चपला घालू लागले की घरातील बाई हळूच सांगते की मुलगा पुन्हा पिऊ लागला आहे, किंवा सुनेला माहेरी पाठवले आहे. असे बोलणे पाळकांपाशी राहते असा लोकांचा विश्वास आहे. वडिलांबद्दल तो नाही, आणि तो का नाही हेही मला ठाऊक आहे. प्रार्थनेची विनंती म्हणून एखादी गोष्ट मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जाते, नाव न घेता "एका बहिणीच्या संसारासाठी प्रार्थना करावी" असे लिहिले जाते, आणि संध्याकाळपर्यंत ती बहीण कोण हे सर्वांना कळलेले असते.

ज्यांच्या मंडळीत वडील आणि भगिनी हे काम नीट करतात, त्यांनी लोकांचा विश्वास कसा मिळवला, आणि ऐकलेली गोष्ट कोणापर्यंत न्यावी याचा काय नियम ठेवला, हे कृपया सांगावे.

निवृत्त पाळक

भाऊ, प्रश्न जुनाच आहे. बायबलमधील निर्गमाच्या १८व्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे गाऱ्हाणे ऐकत बसलेला पाहून त्याच्या सासऱ्याने त्याला हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर नायक नेमण्याचा सल्ला दिला. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ येथे विधवांच्या रोजच्या वाटपात दुजाभाव होत असल्याची कुरकुर झाली तेव्हा सात जणांची निवड झाली. तेथील एक तपशील आपण विसरतो: प्रेषितांनी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले. वडिलांना कामाला लावायचे आणि मंडळीसमोर त्यांना अधिकार मात्र द्यायचा नाही, असे आपल्याकडे सर्रास चालते. रविवारच्या उपासनेत त्यांना पुढे बोलवा, विभाग जाहीर करा, आणि प्रत्येक घरी पहिल्या भेटीला पाळकांनी स्वतः त्यांना बरोबर न्यावे. याकोबाच्या पत्रात (५:१४) दुखणाइताने मंडळीच्या वडिलांना बोलवावे असे लिहिले आहे, एकट्या पाळकाला नव्हे; या वचनावर एक उपदेश झाला तरी बराच फरक पडेल.

गुप्ततेविषयी माझा नियम कडक होता. ऐकलेली गोष्ट सांगणाऱ्याच्या परवानगीशिवाय पाळकांनाही सांगायची नाही, मग स्वतःच्या पत्नीची किंवा पंचांच्या बैठकीची गोष्टच नको. भेटींच्या वहीत तारीख, घर आणि वाचलेले वचन एवढेच लिहावे. गटावर विनंती टाकायची असेल तर मजकूर आधी त्या व्यक्तीला वाचून दाखवावा.

मात्र गुप्ततेचे वचन बिनशर्त देऊ नये. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ते पोलिसांना कळवणे माहिती असलेल्या प्रत्येकावर बंधनकारक आहे. त्यातून पाळकही सुटत नाहीत आणि वडीलही नाहीत. "मंडळीची बदनामी होईल" म्हणून असे प्रकरण घरात मिटवणाऱ्यांना माझ्या मते वडीलपदावर राहण्याचा अधिकार नाही. कोणी जीव देण्याची भाषा केली, तर प्रार्थना जरूर करा, पण त्या माणसाला एकटे सोडू नका आणि १४४१६ या शासनाच्या टेलिमानस (मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर त्याच्यासमोरच फोन लावा. मारहाण होत असलेल्या बहिणीला "सोसून घे" असे सांगणे ही पाळकीय सेवा नव्हे. तिला १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक द्या.

नवापूरकर ताई

आमच्या नवापूर तालुक्यात घराघरांतील अंतर जास्त आहे, आणि ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे दिवाळीनंतर गुजरातेत जातात. त्यामुळे जागेवर राहणाऱ्यांसाठी केलेले विभाग आमच्याकडे अर्धे वर्ष कोरडे पडतात. निघण्याआधी प्रत्येक टोळीतील एका विश्वासू माणसाला आम्ही प्रार्थना करून जबाबदारी देतो. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे महिला मंडळाच्या दोघी जातात. नेहमी दोघी, एकटी कोणी नाही. प्रार्थना मावची बोलीत होते, कारण दुखणे माणूस स्वतःच्या बोलीतच सांगतो. तुमच्या यादीत भगिनींचा उल्लेख ओझरता आला आहे, भाऊ. त्या चपला घालतानाच्या गोष्टी सांगणारी बाईच असते, तर ऐकायलाही बाई पाठवा.

तापीकाठ (धागाकर्ता)

पाळकसाहेब, ताई, आभारी आहे. प्रत्येक विभागात एक वडील आणि दोन भगिनी असा बदल करून योजना पुढील बैठकीत मांडतो. केळीच्या मळ्यांत जाणारी कुटुंबे भल्या पहाटे निघतात आणि उन्हाळ्यात दुपारी दार उघडणेही जिवावर येते, म्हणून भेटीची वेळ संध्याकाळी सातनंतरचीच ठेवणार आहे.

एक प्रश्न उरतो. प्रभुभोजनाच्या रविवारी गरिबांसाठी जमणाऱ्या दानातून औषधपाण्याला मदत दिली जाते, पण हिशेबात नाव लिहिले की तो हिशेब वार्षिक सभेत वाचला जातो, आणि नाव न लिहिले तर हिशेब तपासनीस हरकत घेतात. ज्यांनी यावर तोडगा काढला असेल त्यांनी आपली पद्धत सांगावी. नियम लेखी असल्यास मंडळीचे नाव वगळून त्याचा मजकूर येथे दिला तरी चालेल.

निवृत्त पाळक

सभेपुढे एकूण रक्कम आणि कुटुंबांची संख्या ठेवावी. नावांसह पावत्या बंद पाकिटात पाळक आणि खजिनदार या दोघांच्या सहीने ठेवून त्या फक्त तपासनिसाला दाखवाव्यात. असा ठराव वार्षिक सभेतच आधी मंजूर करून घ्या, म्हणजे नंतर कोणाला संशय घेता येणार नाही.