भंडारा उचलून दारू सुटते का?

शुक्रवारपेठ_तालीम
आमच्या गल्लीतल्या एका पोराची दारू सुटावी म्हणून घरचे त्याला आदमापूरला नेणार आहेत. तिथं संत बाळूमामांचा भंडारा, म्हणजे देवाची हळद, उचलून शपथ घ्यायची. शेजारचे एक सर म्हणाले, "असल्या नादाला लागू नका, दवाखान्यात घाला." त्यावरनं गल्लीत दोन तट पडलेत. माझं म्हणणं सरळ आहे : श्रद्धेनं दारू सुटते, पण त्या श्रद्धेला एक माणूस जोडलेला पाहिजे.

माझे थोरले चुलते साखर कारखान्यात होते. पगाराच्या रात्री घरी यायचेच नाहीत. गावातल्या दिंडीच्या विणेकरी बुवांनी त्यांना तुळशीची माळ घातली. माळ म्हणजे दारूबरोबर मटणही बंद. कोल्हापुरात तांबडा-पांढरा सोडणं काय असतं ते इथं कुणाला सांगायला नको. पण माळ घालून बुवा मोकळे झाले नाहीत. ज्या वेळेला चुलत्यांचे पाय गुत्त्याकडे वळायचे, नेमके त्याच वेळेला ते हरिपाठाला बोलवायला दारात उभे. नाही म्हटलं तर हाताला धरून न्यायचे. पुढं एकादशी, मग आषाढीची पायी वारी. जुनी संगत आपोआप मागं पडली, कारण माळकऱ्यापुढं कुणी ग्लास सरकवत नाही. तालमीतला वस्ताद नुसता डाव शिकवतो का? पहाटे उठवतो, काय खाल्लंस विचारतो, कुणाबरोबर फिरतोस ते बघतो. दारूड्याला असा वस्ताद मिळाला तर तो उठतो.

सिस्टर_बावडा
दादा, चुलत्यांचं ऐकून बरं वाटलं. पण वॉर्डात काम केलेली बाई म्हणून सांगते, यात जीव जाऊ शकतो. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एका दिवसात दारू तोडली की काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण 48 ते 72 तासांनी काहींना भास होतात, माणसं ओळखत नाहीत, ताप चढतो. घरचे म्हणतात शपथ लागली, बाधा झाली, आणि अंगारा लावत बसतात. ते दारू तुटल्याचं लक्षण असतं आणि त्याला दवाखान्यातच उपचार लागतात : झोपेची औषधं, बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, सलाइन.

आणखी एक. चहातनं गुपचूप दारू सोडवायची पावडर देऊ नका. पुष्कळदा त्यात डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना दारू प्यायली तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब एकदम उतरतो. ते औषध माणसाला सांगून, त्याच्या संमतीनंच द्यायचं असतं.

रंकाळा_चौपाटी
सिस्टरशी शंभर टक्के सहमत. माझा विरोध याच्याही पुढचा आहे. शपथ म्हणजे भीती. एखाद्या लग्नात घोट घेतला, शपथ मोडली, की आता देव कोपलाच, मग कशाला थांबायचं, असं म्हणून माणूस आठवडाभर पीत राहतो. हे मी नात्यात पाहिलंय. आणि हिशेब कसा बघा : सुटली तर देवाची कृपा, नाही सुटली तर याचीच श्रद्धा कमी. तुमच्या चुलत्यांना बुवांनी वाचवलं. विठ्ठल बाजूला ठेवा, बुवा ठेवा, निकाल तोच येतो.

शुक्रवारपेठ_तालीम
विठ्ठल बाजूला ठेवला तर बुवा रोज दारात कशासाठी येतील? ना नात्याचे, ना पैशाचे. त्यांना आणणारी ती श्रद्धाच होती. चुलत्यांनीही बुवांना माणूस म्हणून मानलं असतं तर पहिल्या भांडणात हाकलून दिलं असतं.

आजचा_दिवस
मी पिणारा होतो. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना जातो. दारू सोडणाऱ्यांची, नावं गुप्त ठेवणारी ही संघटना, म्हणून नाव लिहीत नाही. ही चळवळ 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन यांच्या भेटीतून सुरू झाली. दोघेही दारूडे. 1939 साली छापलेल्या, दारू सोडायच्या तिच्या बारा पायऱ्यांत देव आहे, पण 'आम्हाला समजला तसा'. माझ्या ओळखीत कुणाचा तो जोतिबा आहे, कुणाला सभेतली माणसं म्हणजेच देव. फी नाही. नव्या माणसाला एक स्पॉन्सर, म्हणजे सांभाळून घेणारा सोबती मिळतो, आणि तो स्वतः दारूतून बाहेर आलेला असतो. हा मुद्दा तालीमवाल्या दादांच्या बोलण्यात नाही. माळकरी बुवांसमोर मला लाज वाटली असती. माझ्या स्पॉन्सरला मात्र रात्री दोनला फोन करून "प्यावंसं वाटतंय" म्हणू शकलो.

आणि रंकाळा साहेब, 2020 साली कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांची छाननी करणाऱ्या संस्थेनं 27 अभ्यास एकत्र तपासले, दहा हजारांवर माणसं. या बारा पायऱ्यांकडे पद्धतशीर वळवणाऱ्या उपचारांनी दारू पूर्ण बंद राहण्याचं प्रमाण इतर उपचारांपेक्षा चांगलं दिसलं.

रंकाळा_चौपाटी
अभ्यास मान्य. पण त्यातून देव आहे हे सिद्ध होत नाही, संगत बदलल्याचा गुण येतो एवढंच मी त्यातून घेईन. शिवाय तुमच्यात स्पॉन्सर फुकट आहे. बाहेर प्रत्येक बुवा तसा नसतो. पाया पडायला लावून घरातलं सोनं मागणारेही वस्तादच म्हणवतात. त्यांना ओळखायचं कसं?

आजचा_दिवस
पैसे मागितले, औषध बंद करायला सांगितलं किंवा घरच्यांपासून तोडलं, तर उठून चालू लागायचं.

भुदरगडची_लेक
मी अशाच एका घरातली सून होते, म्हणून लिहिते. नवऱ्यानं भंडारा उचलला. महिनाभर प्यायला नाही, पुन्हा सुरू झाली. पण तो महिना मला फार मोलाचा होता. एरवी दवाखान्याचं नाव काढलं की भांडी फेकायचा. शपथेच्या धाकात होता तेवढ्यात मी त्याला मानसोपचाराच्या ओपीडीत नेलं, आणि पुढचं सगळं तिथनं झालं. तेव्हा भंडारा खोटा असं मी म्हणणार नाही, आणि भंडाऱ्यानं सुटली असंही म्हणणार नाही.

आणि तुम्ही सगळे त्याच्याचबद्दल बोलताय. त्याला देव, त्याला वस्ताद, त्याला स्पॉन्सर. बायकोला कोण? मला सगळ्यांनी हेच विचारलं, तू काही बोललीस का त्याला.

आजचा_दिवस
ताई, घरच्यांसाठी अल-अनॉन नावाच्या वेगळ्या सभा असतात, 1951 पासून. नवरा दारू सोडो न सोडो, बायकोनं जायचं. त्यात पहिल्यांदा हेच सांगतात की त्याच्या पिण्याचं कारण तुम्ही नाही.

सिस्टर_बावडा
आणि 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीत बोलता येतं. घरच्यांनीही लावायचा.

शुक्रवारपेठ_तालीम
त्या पोराच्या आईशी बोललो. आदमापूर रद्द करा असं मी म्हणणार नाही, तिचा जीव तिथं गुंतलाय. आधी सीपीआर या सरकारी दवाखान्यात दाखवून, डॉक्टरांच्या हाताखाली दारू बंद करून मग जाऊया, याला ती तयार झाली. संध्याकाळी त्याला तालमीत आणायचं काम माझ्याकडे घेतलंय.

रंकाळा_चौपाटी
दवाखान्याचं बरं केलंत. शपथ घालू नये हे माझं मत कायम आहे. तो पुन्हा प्यायला, तर शपथ मोडली म्हणून त्याला कुणी हिणवणार नाही, एवढं तरी आईकडून कबूल करून घ्या.