अनुभव धागा : जुनी स्पोर्ट्‌स कार वाटेत बंद पडली तेव्हा…

पेनाइनचा_पाऊस

गेल्या शनिवारी शेगडीवर उतू गेलेले दूध पुसताना पाणी खटक्यात शिरले आणि गॅस बंद असूनही ठिणगीची टिकटिक अर्धा तास चालू राहिली. बायको वैतागली होती. मी मात्र फडके हातात धरून तो आवाज ऐकत उभा राहिलो, कारण नेमका हाच आवाज न आल्यामुळे २०११ साली मी आईसह इंग्लंडमधल्या स्नेक पास या घाटरस्त्यावर दीड तास अडकून पडलो होतो.

गाडी १९७१ सालची एमजीबी, उघडी, दोन आसनांची. आई नुकतीच सांगलीहून मँचेस्टरला आली होती आणि तिला शेफील्डला भाचीकडे घेऊन जायचे होते. हा रस्ता पाचशे मीटरच्या वर चढतो आणि वर गेल्यावर गवत, मेंढ्या आणि वारा यांखेरीज काही दिसत नाही. चढ संपता संपता गाडीने दोन आचके दिले आणि ती गप्प झाली. सुदैवाने पुढे थांबायला जागा होती, तिथवर ती घरंगळत गेली.

मी बॉनेट उघडले आणि ज्याला जे येते तेच तो करतो, या न्यायाने प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या मागे लागलो. टोपी काढली, आतले पॉइंट (उघडमीट करणारे संपर्कबिंदू) पुसले, एक प्लग काढून इंजिनाला टेकवला आणि आईला स्टार्टर मारायला सांगितले. ठिणगी निळी, खणखणीत पडत होती. करंट आहे म्हणजे पेट्रोल नाही, हे शाळकरी पोराला कळावे. पण पावसात भिजलेल्या माणसाची बुद्धी वेगळी चालते. मी पुन्हा पॉइंटच पुसू लागलो. तेव्हा कानटोपी आणि दोन स्वेटर घालून बसलेली आई म्हणाली, "अरे, सकाळी किल्ली फिरवलीस तेव्हा मागे कुठेतरी घड्याळासारखं टिकटिक होत होतं. आता का होत नाही?"

ज्यांना ही गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हिचा पेट्रोल पंप विजेवर चालतो आणि उजव्या मागच्या चाकाजवळ, गाडीच्या पोटाशी बसवलेला असतो. आतले विद्युतचुंबक पडदा ओढते, ओढून झाला की संपर्कबिंदू उघडतात, मग स्प्रिंग पडद्याला मागे ढकलते आणि पेट्रोल पुढे जाते. प्रत्येक टिक म्हणजे असा एक हेलपाटा. ते बिंदू काजळून चिकटले की पंप मुका होतो. उपाय जगभर एकच आहे : त्याला ठोकणे. मी ओल्या रस्त्यावर पाठ टेकवून पान्याच्या दांड्याने दोन टोले दिले. आधी घाईघाईने टकटक झाली, हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या वाट्या भरत आल्या तशी ती मंदावली आणि मग थांबली. आईने टिकटिक मोजली होती, बावीस. पुढे लेडीबाउअर तलावाशी गाडी पुन्हा थांबली, तेव्हा तिने पर्स उघडून बँकेच्या लिफाफ्याची पट्टी फाडून दिली आणि ती बिंदूंमधून ओढल्यावर आम्ही शेफील्डपर्यंत नीट गेलो.

तुमचे अनुभव अवश्य लिहा. गाडी स्पोर्ट्‌स कारच हवी असा हट्ट नाही. मात्र बंद का पडली, ते कारण नक्की लिहावे.

कात्रज_उतार

आमची गाडी स्पोर्ट्‌स कार नव्हती, तर वडिलांची स्टँडर्ड हेरल्ड होती, म्हणून आधीच क्षमा मागतो. साल १९७८, मे महिना, भर दुपार, खंबाटकी घाट. गाडी अर्ध्या चढावर थांबली. वडील म्हणाले, "व्हेपर लॉक." या गाडीचा पंप थेट इंजिनाला जोडलेला असतो, त्यामुळे इंजिन तापले की पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ धरते आणि वाफ काही पंपाला ओढता येत नाही. आजोबांच्या खांद्यावरचा पंचा काढून फिरकीच्या तांब्यातल्या पाण्यात भिजवला आणि पंपावर गुंडाळला. वीस मिनिटांनी गाडी चालू झाली. हेरल्डचे बॉनेट दोन्ही मडगार्डांसह अख्खे पुढे कलंडते, त्यामुळे येणारा जाणारा प्रत्येक ट्रकवाला मोठा अपघात झाला असे समजून थांबत होता. पंच्याला लागलेले काळे तेल कधीच निघाले नाही आणि आजोबा साताऱ्यापर्यंत गाडीविषयी नव्हे, पंच्याविषयी बोलत होते.

दोन_कार्बोरेटर

कात्रज_उतार, क्षमा कशाची मागता? ट्रायम्फ स्पिटफायर ही हेरल्डचीच चौकट आखूड करून तिच्यावर उभी केलेली स्पोर्ट्‌स कार आहे आणि दोघींचे रूप इटालियन रेखाटनकार मिकेलॉत्ती यांनीच रेखाटले. तुमची हेरल्ड म्हणजे थोरली बहीण झाली. एक शंका मात्र विचारतो : पंच्याने काम केले, की तो वाळेपर्यंत वीस मिनिटे गेली म्हणून इंजिन आपोआप निवले?

कात्रज_उतार

वडिलांचेही हेच म्हणणे होते. पण ते आजोबांना सांगणार कोण?

यारा_काठची

मी गाडीची मालकीण नाही, मी गाडीच्या मालकाची बायको आहे. तेव्हा माझा अनुभव डाव्या आसनावरचा समजावा.

मेलबर्नमध्ये मंडळाच्या गणपतीला निघालो होतो. यांची एमजी मिजेट, १२७५ सीसी, माझ्या अंगावर पैठणी आणि मांडीवर उकडीच्या मोदकांचा डबा. वाटेत यांनी पाय दाबला तर पेडल जमिनीला टेकले आणि इंजिन मात्र आपले संथपणे गुरगुरत राहिले. ॲक्सिलरेटरची केबल टोकाशी तुटली होती. मंडप चार किलोमीटरवर आणि आरतीला अर्धा तास.

यांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "तुझ्याकडे दोरी आहे का?" पैठणी नेसलेल्या बाईकडे दोरी कुठून असणार, हा प्रश्न मी विचारला नाही, कारण उत्तर मलाच माहीत होते. पिशवीत दुसऱ्या दिवसासाठी जादा परकर होता, त्याची नाडी ओढून काढली. यांनी तिचे एक टोक कार्बोरेटरच्या दांडीला बांधले, दुसरे बॉनेटच्या कडेच्या फटीतून बाहेर काढून माझ्या हातात दिले. या गाडीत कार्बोरेटर डावीकडे असतात आणि इथे डावीकडेच मी बसते, हे त्या दिवशीचे एकमेव भाग्य. मग यांनी क्लच आणि गिअर सांभाळायचे आणि "ओढ", "सोड" असे म्हणायचे, मी नाडी ओढायची आणि सोडायची. पहिल्या चौकात यांनी "सोड" म्हटले आणि मी घाबरून ओढली, त्यावर आमचे जे बोलणे झाले ते इथे लिहीत नाही. आरती चुकली, पण मोदक अख्खे पोहोचले.

आडगावचा_मिस्त्री

वहिनी, नाडी सुती होती की नायलॉनची? तांत्रिकदृष्ट्या महत्त्वाचा मुद्दा आहे म्हणून विचारले.

यारा_काठची

भाऊ, सुती. त्या इंजिनात कार्बोरेटरच्या खालीच एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड (तापलेला धूर बाहेर नेणारी नळी) असतो, त्यामुळे नायलॉनची असती तर वितळली असती, असे यांनी घरी आल्यावर फार अभिमानाने सांगितले. आता गाडीत जादा केबल असते. नाडीही असते.

पंधरा_थाउ

धागाकर्त्याने ठिणगी निळी असल्याचे लिहिले, ते वाचून थोडा हेवा वाटला, कारण माझ्या १९६९ च्या एमजीबी जीटीने मला याच्या नेमका उलट धडा दिला. मी लेस्टरला राहतो. गाडी थंड असताना पहिल्या फेऱ्यात सुरू होई, पाऊण तास झकास चाले आणि मग मोटरवेवर एकाएकी फटाके वाजवत मरून जाई. अर्धा तास थांबले की पुन्हा ठणठणीत. मी पेट्रोलची गाळणी बदलली, ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी कॉइल बदलली, टाकीचे झाकण उघडे ठेवून पाहिले. तिसऱ्या खेपेला मदतीला आलेल्या गाडीतून साठी उलटलेले गृहस्थ उतरले. त्यांनी बॉनेटमध्ये डोकावण्याआधीच विचारले, "कंडेन्सर नवा घातला आहे का?" मी म्हणालो, हो, दोनच महिन्यांपूर्वी. त्यांनी खिशातून तंबाखूची पत्र्याची डबी काढली. तिच्यात पाच-सहा जुने, गंजके कंडेन्सर होते. त्यांतला एक त्यांनी बसवला आणि तो आजतागायत चालू आहे.

कंडेन्सर ही बोटाच्या पेराएवढी वस्तू. पॉइंट उघडताना तिथे ठिणगी पडू नये आणि कॉइलमधला विद्युतप्रवाह झटकन तुटावा, एवढेच तिचे काम. आतले वेष्टन गरम झाल्यावर दगा देऊ लागले की पॉइंट जळतात आणि ठिणगी पिवळट, मरतुकडी पडते. मात्र हे सारे गाडी तापलेली असतानाच दिसते. निवल्यावर तपासाल तर सगळे ठीक. हल्ली मिळणारे नवे सुटे भाग जुन्यांइतके टिकत नाहीत, हे पुष्कळ जण अनुभवाने सांगतील. डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरणाऱ्या रोटरचेही तेच : पितळी पट्टी रिव्हेटने बसवलेली असेल तर ठिणगी त्या रिव्हेटमधून खालच्या दांड्यात उतरू शकते. म्हणून बिनरिव्हेटचा लाल रोटर घ्यावा आणि जुना चालू रोटर फेकू नये.

दोन_कार्बोरेटर

पंधरा_थाउ, एवढे सोसण्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक इग्निशन का बसवत नाही? पॉइंटही गेले आणि कंडेन्सरही गेला.

पंधरा_थाउ

बसवले असते, पण ते जळाले की रस्त्यावर काहीच करता येत नाही. पॉइंटची फट मात्र पंधरा थाउची (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पट्टी नसली तरी जाडसर पुठ्ठ्याने अंदाजे लावून घर गाठता येते. शिवाय माझे टोपणनाव बदलावे लागेल.

गिरगाव_गॅरेज

आमच्याकडे वडिलोपार्जित एमजी टीडी आहे, १९५२ ची, १२५० सीसी. तिची हकीकत हसण्यासारखी नाही, तरी लिहितो. गेल्या वर्षी पहाटे मरीन ड्राइव्हवर चक्कर मारताना पेट्रोलचा वास आला. जुन्या गाडीला वास येतोच, असे म्हणून मी पुढे निघालो होतो. पण मुलीने थांबायचा हट्ट धरला. बॉनेटची बाजू उचलून पाहिले तर रबरी नळी मऊ पडून तिला भेग गेली होती आणि थेंब तापलेल्या एक्झॉस्टपासून चार बोटांवर पडत होते. नळी कशाने गेली ते उघड आहे. २०२३ पासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले आणि आता तर तेच सगळीकडे मिळते. जुन्या जातीच्या रबराला इथेनॉल मानवत नाही. त्या दिवशी गाडी टेम्पोवर चढवून घरी आणली. नंतर सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या बसवल्या आणि अग्निशामक नळकांडे आसनामागच्या सामानाच्या जागेऐवजी आसनाखाली आणून ठेवले. कृपया, ज्यांच्या नळ्यांचे वय ठाऊक नाही त्यांनी आजच बदलाव्यात.

पेनाइनचा_पाऊस

गिरगाव_गॅरेज, मुलीचे कान (आणि नाक) आपल्यापेक्षा तिखट असतात. इथेही २०२१ च्या सप्टेंबरपासून साधे पेट्रोल दहा टक्के इथेनॉलचे झाले. मी तेव्हापासून महागडे, पाच टक्क्यांचे भरतो.

सिंहगडरोड

एक बाळबोध प्रश्न विचारतो. एवढ्या जुन्या गाड्यांची सरकारी तपासणी होत नाही का?

पंधरा_थाउ

इथे ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या आणि फारसे फेरफार न केलेल्या गाड्यांना २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. मी मात्र स्वतःहून करून घेतो.

गिरगाव_गॅरेज

आपल्याकडे पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र नियम आले असून त्यांच्या क्रमांकात "व्हीए" ही अक्षरे येतात. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी काढता येत नाही.

वळणदार

माझी गाडी कोणती ते सांगत नाही. अंग फायबरचे, आसने दोन, छप्पर कापडी, आणि पुण्यात इतकी कमी आहेत की नाव घेतले तर मीच ओळखला जाईन. लोणावळ्याहून परत येताना वाहतूक तुंबली आणि तापमानाचा काटा लालमध्ये गेला. रेडिएटरचा पंखा फिरत नव्हता. फ्यूज शाबूत होता. पंखा थेट बॅटरीला जोडला की फिरे, नेहमीच्या जागी जोडला की थांबे. लोखंडी गाडीत अंगच अर्थिंगचे काम करते. फायबरच्या गाडीत प्रत्येक दिव्याला, प्रत्येक पंख्याला परतीची वेगळी वायर लागते आणि अशा साऱ्या वायरी चौकटीवरच्या एकाच बोल्टला येऊन मिळतात. तो बोल्ट गंजला होता, बस्स. कडेच्या टपरीवाल्याने चहाच्या पातेल्याचा काथ्या दिला, बोल्ट घासला आणि पंखा भरारा फिरू लागला. त्याने चहाचे पैसे घेतले, काथ्याचे घेतले नाहीत.

आडगावचा_मिस्त्री

वळणदार, मी ओळखली. रंग पिवळा आहे ना?

वळणदार

होता. आता लाल आहे. कृपया इथेच थांबावे.

सिंहगडरोड

धागाकर्त्यांना विचारायचे होते की पुढे पंप बदलला, की अजून ठोकूनच चालवता? आणि सोबत काय काय ठेवता?

पेनाइनचा_पाऊस

पंप बदलला. नव्यात संपर्कबिंदूंऐवजी इलेक्ट्रॉनिक भाग आहे, त्यामुळे चिकटण्याचा प्रश्न उरला नाही. टिकटिक मात्र तशीच करतो. डिकीत कंडेन्सर, लाल रोटर, पंख्याचा पट्टा, दोन फूट पेट्रोलची नळी, जुन्या सतरंजीचा तुकडा आणि पान्यांची गुंडाळी एवढे असते. यारा_काठची यांचे वाचून आता सुती नाडीही टाकणार आहे. आई यंदा चौऱ्याऐंशीची झाली. पंप बदलल्याचे तिला फोनवर सांगितले तेव्हा तिने किल्ली फिरवून आवाज ऐकवायला लावला आणि म्हणाली, "हा जरा घाईत आहे."

यारा_काठची

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. आणि शेगडीचे काय झाले? बर्नरच्या टोप्या काढून ठिणगीच्या पांढऱ्या काड्या आणि खटक्याची फट केस वाळवायच्या यंत्राने थंड हवेवर वाळवा, सुरीने खरवडू नका.

पेनाइनचा_पाऊस

सुरीने खरवडून झाले आहे. मिस्त्री मंगळवारी येणार आहे.