बाबांची २००४ ची मारुती ८००, खालून गंजतेय. पावसाआधी घरी काय काय करता येईल?

मांद्रे_८००

नमस्कार मंडळी. बाबांनी २००४ मध्ये शोरूममधून नवी घेतलेली पांढरी मारुती ८०० अजून आमच्याकडेच आहे. २०१९ ला पंधरा वर्षं झाली तेव्हा पासिंग करून आरसी पाच वर्षं वाढवली, २०२४ ला परत वाढवली, म्हणजे कागदाची काळजी २०२९ पर्यंत नाही. इंजिन एका चावीत चालू होतं. दुखणं आहे ते खाली.

घर समुद्रापासून सहा-सातशे मीटरवर, गाडी कायम आंब्याखाली उघड्यावर. परवा ड्रायव्हरच्या बाजूचं मॅटिंग उचललं तर एप्रिल महिना, पावसाचा थेंब नाही, तरी खालचा फोम ओला, आणि क्लच दाबताना टाच टेकते तिथे पत्र्याचे पापुद्रे सुटलेत, बोटाने दाबलं तर लवतो. तीन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या शेवटी एका गॅरेजमध्ये अंडरबॉडी कोटिंग करून घेतलं होतं, सकाळी गाडी दिली आणि संध्याकाळी मिळाली. आता ती काळी साल नखाने सोलून निघतेय आणि आत सगळा तांबडा भुगा.

विकायची नाही. बाबांनी मला याच गाडीवर शिकवलं आणि चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पाल्याचं, सामान अजून हिच्याच डिकीतून येतं. मी आणि भाऊ मिळून घरी काय करू शकतो, कुठे हात लावू नये, आणि कोटिंग परत मारून घ्यायचं का, एवढं सांगा.

फोंडा_पाना

ताई, कोटिंगचं आधी सांगतो. आत्ता अजिबात मारू नका. त्या काळ्या थराबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे, गंजलेल्या पत्र्यावर किंवा धुऊन नीट न वाळलेल्या पत्र्यावर तो मारला की गंज थांबत नाही, झाकला जातो. रबरासारखी साल एका कडेला सुटते, तिथून खारं पाणी आत शिरतं आणि मग त्याला वाळायला वाटच राहत नाही. उघडा पत्रा निदान उन्हात सुकतो तरी. सकाळी देऊन संध्याकाळी घेतली म्हणताय तिथेच कळलं, खालचा भाग धुऊन, वाळवून, खरडून मग थर द्यायचा तर एका दिवसात होत नाही.

आता एप्रिलमध्ये फोम ओला कसा ते बघू. वायपरच्या खाली जाळी आहे ना, तिच्यातून गेलेलं पाणी बाजूने खाली उतरायला वाट असते. आंब्याखाली गाडी म्हणजे मोहोर, पानं, धूळ सगळं तिथे जाऊन चिखल होतो आणि वाट बंद, मग गाडी धुतली तरी पाणी केबिनमध्ये उतरतं. जाळी काढून हाताने कचरा काढा आणि मगभर पाणी ओतून ते कुठे निघतं ते बघा. दारांच्या खालच्या कडेलाही बारीक भोकं असतात आणि दाराखालचा पेटीसारखा पत्रा, ज्याला सिल म्हणतो, त्यालाही. झाडूची हिरकुटी घालून प्रत्येक भोक मोकळं करा. माझ्या अनुभवात गाडी बाहेरून कमी आणि या भोकांमागे साचलेल्या पाण्याने जास्त सडते.

मग फोम आणि मॅटिंग पूर्ण बाहेर. नुसतं उन्हात टाकून भागणार नाही, त्यात मीठ मुरलेलं असतं आणि मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं, म्हणून वाळलेला वाटलेला फोम दोन दिवसात परत ओलसर लागतो. गोड्या पाण्यात तीन-चारदा पिळून मग वाळवा, जमत असेल तर नवाच घ्या.

पत्रा तपासायची साधी रीत, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सिलवर, जॅक लावायच्या जागेवर, फ्लोअरवर हळूहळू ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडका भद भद. आवाज बदलला तिथे खडूने खूण करा. नुसता वरवरचा गंज असेल ते काम तुमचं. भोक पडलंय किंवा लवतोय तिथे, आणि सिल, जॅकची जागा, सस्पेन्शन किंवा सीटबेल्ट जिथे बसतो तिथे, वेल्डर बोलवा. त्या जागी लांबी (पुटी) किंवा एमसील भरून वर रंग मारणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक, त्याने ताकद काडीची येत नाही.

वरवरच्या गंजासाठी तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०. खड्ड्यात रुतलेला गंज उरतोच, त्यावर फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट रिमूव्हर ब्रशने लावायचं, डब्यावर लिहिलंय तितकाच वेळ ठेवायचं, पुसून-धुऊन उन्हात कडक वाळवायचं. हातमोजे, चष्मा, तोंडावर मास्क हे हवंच. नंतर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, हार्डनर मापाने मिसळून. रेड ऑक्साइड स्वस्त म्हणून लोक तेवढंच मारून सोडतात, ते पाणी पितं, त्यावर रंगाचा थर नसेल तर पावसाळ्यात खालून परत गंज. रंग सकाळी ११ ते दुपारी ३ मधे मारा, पत्रा हाताला गरम लागला पाहिजे. सकाळी आपल्याकडे पत्र्यावर दव असतं, दिसत नाही पण असतं.

आणि हे मी मोठ्याने सांगतोय असं समजा: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी शिरू नका. जॅक स्टँडची जोडी घ्या, चाकांना चिरे लावा, आणि स्टँड सडलेल्या सिलखाली ठेवू नका.

होडी_शापोरा

आमच्या वडिलांच्या वेळेला दर मे महिन्यात ॲम्बेसेडरला खालून जळकं ऑइल मारायचे. गाडी पंचवीस वर्षं टिकली. खर्च शून्य. आणि होडीला आम्ही काजूच्या टरफलाचं तेल लावतो ते गाडीला चालेल का याचा मी पण विचार करतोय.

फोंडा_पाना

काका, जळक्या ऑइलने पत्रा टिकतो हे खोटं नाही, माझ्या आजोळी पण मारायचे. पण ते रबराच्या बुशांवर आणि होजवर गेलं की रबर फुगतं, ब्रेकवर गेलं तर जिवावर, आणि अंगणात गळून शेवटी विहिरीत. ताईंचं घर वाळूवर आहे, तिथे झिरपायला वेळ लागत नाही. त्यापेक्षा कॅव्हिटी वॅक्स नावाचा स्प्रे ऑनलाइन मिळतो, लांब नळीने सिलच्या आत, दारांच्या आत मारायचा, मेणासारखा चिकटून राहतो. फक्त मारून झाल्यावर भोकं परत उघडी आहेत का बघायचं. काजूचं तेल लाकडासाठी, ते लाकडात मुरतं. लोखंडात मुरणार कुठे, आणि अंगावर उडालं तर कातडी भाजते हे तुम्हाला मी सांगायला नको.

दिवाड_फेरी

माझं रोजचं जाणं-येणं फेरीबोटीने. भरती असली की रॅम्पवर खारं पाणी असतं आणि चाकं त्यातूनच जातात. दोन सवयी लावून घेतल्यात त्या सांगते.

रॅम्पवर गाडी अगदी पहिल्या गिअरमध्ये हळू काढते, पाणी वर उडू देत नाही. आणि आठवड्यातून एकदा खालून धुते. प्रेशर वॉशर नाही माझ्याकडे, अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाइप, त्याला ओळीने भोकं पाडलीत, एक टोक बंद, दुसऱ्याला बागेची नळी. गाडीखाली सरकवायचा आणि पुढे-मागे करायचा, दहा मिनिटं. चाकांच्या वरच्या पोकळीत मात्र हात घालूनच धुवावं लागतं, तिथे तांबडी माती थापलेली असते आणि ती दिवसेंदिवस ओली राहते. पावसात गाडी आपोआप धुतली जाते असं वाटतं, पण त्या पोकळीत पाऊस माती घालतो, काढत नाही.

ताई एक विचारू, पाणी कुठलं वापरता? किनाऱ्याजवळच्या विहिरी एप्रिल-मे मध्ये मचूळ होतात. चहा खारट लागत असेल तर त्या पाण्याने गाडी धुऊ नका, नळाचंच घ्या.

चिऱ्याची_भिंत

प्लास्टिकची ताडपत्री गुंडाळून ठेवू नका एवढंच सांगायला आलो. मी दोन पावसाळे गुंडाळली, वरून गाडी कोरडी आणि काढली तेव्हा दारांच्या कडांना फोड आलेले, खालून येणारी वाफ बाहेर पडायला जागाच नव्हती. आता चार खांब आणि वर पत्रे असं छप्पर केलंय, चारी बाजूंनी उघडं. खाली माती नको, चिरे किंवा फरशी टाका. आणि गाडी आठवड्यातून दोनदा तरी पाच-दहा किलोमीटर फिरवा, उभ्या गाडीचे ब्रेक पहिले जाम होतात.

मांद्रे_८००

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रविवारी दिवसभर तेच केलं. पाणी विहिरीचंच वापरत होतो आणि हो, चहा मचूळ लागतो, आई रोज म्हणते आणि गाडीच्या बाबतीत कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

जाळी काढली तर आत ओंजळ-दीड ओंजळ काळा चिखल, त्यात मोहोराच्या काड्या आणि एक अख्खी सुकलेली कैरी. मगभर पाणी ओतलं तर थेट क्लचपाशी टपकायला लागलं. चिखल काढून वाट मोकळी केली, परत ओतलं, आणि पाणी पुढच्या चाकामागून जमिनीवर पडलं, आत थेंब नाही. बाबा खुर्ची टाकून बसले होते, त्यांनी तीनदा ओतायला लावलं. मग डाव्या मागच्या दाराचं भोक हिरकुटीने टोचलं तर तांब्याभर तरी गंजकं पाणी निघालं असेल, एवढं पाणी घेऊन आपण महिनोन् महिने फिरत होतो!

ठोकून पाहिलं. ड्रायव्हरच्या टाचेखाली वीतभर जागा भद वाजते, तिथे एक भोक पडलंच. पॅसेंजरच्या बाजूला फक्त वरवरचा गंज. सिल दोन्ही टणटण. वेल्डर शनिवारी घरी येतो म्हणाला, त्याला काय सांगू?

फोंडा_पाना

सिल शाबूत म्हणजे गाडी वाचली समजा, फार बरं वाटलं वाचून.

वेल्डरला आधी विचारा सीओटू वेल्डिंग (तारेचं, गॅसवालं) आहे का. साध्या रॉडने हा पातळ पत्रा जळून भोक मोठं होतं. २० गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड, साधा पोलादी) पत्रा आणायला सांगा, गॅल्व्हनाइज्ड नको, वेल्डिंगला त्याचा धूर वाईट. सडका भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा, त्याच्यावरच ठिगळ डकवलं तर दोन वर्षात कडेने परत सुटेल. बॅटरी सोडवून ठेवा, सीट आणि मॅटिंग बाहेर. पेट्रोलची नळी फ्लोअरखालूनच जाते, ती कुठून जाते ते त्याला आधी दाखवा आणि एक जण पाण्याची बादली, ओलं पोतं आणि जमलं तर आग विझवायचा सिलिंडर घेऊन जवळ उभा राहू दे. हे काम चालू असताना बाबांची खुर्ची लांब.

वेल्डिंगच्या रेघेवर आतून सीम सीलर (जोड बंद करणारी पेस्ट), मग दोन्ही बाजूंनी प्रायमर आणि रंग. सीलरच्या आधी एक फोटो इथे टाका. खालची सोललेली काळी साल जिथे सुटलीय तिथे पूर्ण खरडा, घट्ट बसलीय ती राहू दे. आणि मॅटिंग लगेच अंथरू नका, जूनचे पहिले दोन मोठे पाऊस पडून जाऊ देत, फ्लोअरवर वर्तमानपत्र पसरून ठेवा आणि सकाळी हात लावून बघा कुठे ओलं लागतं ते.