मदत हवी आहे: ई-कॅडहेरिन असूनही पेशी सरकतात कशा?

नमस्कार मंडळी,

एमएस्सीचा प्रकल्प चालू आहे. पुस्तकात सरळ लिहिलंय की ई-कॅडहेरिन हे प्रथिन शेजारच्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवतं, ते गेलं की पेशी सुटतात आणि हिंडू लागतात. कर्करोग पसरतो तो असाच, वगैरे.

मी दोन प्रकारच्या पेशी प्लेटभर वाढवल्या आणि पिपेटच्या टिपने चरा ओढला. एमडीसीके, म्हणजे कुत्र्याच्या मूत्रपिंडातल्या, ई-कॅडहेरिन भरपूर. एमडीए-एमबी-231, स्तनाच्या कर्करोगातल्या, ई-कॅडहेरिन जवळपास नाहीच. वाटलं होतं एमडीसीके जागच्या हलणार नाहीत. पण त्यांचा अख्खा थर सलग पुढे आला! कडेच्या काही पेशी चपट्या पसरून पुढे, बाकीच्या त्यांना चिकटूनच मागोमाग. 231 मात्र एकेकट्या, वाट फुटेल तिकडे.

हे कसं? आणि कॅडहेरिनची पकड कॅल्शियमवर टिकते, तर एमडीसीकेची पकड सोडवून बघायला ईडीटीए (कॅल्शियम ओढून घेणारं रसायन) घालू का? गाईडना विचारलं तर "पेपर वाच" एवढंच उत्तर. तोंडी परीक्षा तोंडावर आहे.

प्रतिसाद १
पकडी दोन आहेत, त्या वेगळ्या धरा. कॅडहेरिन पेशीला पेशीशी जोडतं, इंटिग्रिन पेशीला खालच्या कोलॅजन-फायब्रोनेक्टिन या प्रथिनांच्या थराशी. सरकणं इंटिग्रिनच्या जिवावर चालतं: पुढे पकडायचं, मागे सोडायचं. पकड फार ढिली असली तर पाय रोवता येत नाही, फार घट्ट असली तर मागचं टोक सुटत नाही. वेग सगळ्यात जास्त मिळतो तो मधल्या पकडीला. कॅडहेरिनमुळे पुढच्या पेशीची ओढ मागच्यांपर्यंत पोचते, म्हणून थर न फाटता सरकतो. जखम भरताना त्वचेतही असाच थर पुढे येतो.

ईडीटीए नको. ते कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही ओढून घेतं, आणि मॅग्नेशियम इंटिग्रिनला लागतं. पेशी प्लेटवरूनच सुटल्या तर निष्कर्ष कशाचा काढणार? ईजीटीए वापरा, त्याचा ओढा मुख्यतः कॅल्शियमकडे असतो. नंतर कॅल्शियम परत घातलं की सांधे पुन्हा जुळतात, तो तुमचा कंट्रोल, म्हणजे पडताळणीचा प्रयोग.

प्रतिसाद २
मी पॅथॉलॉजीत आहे. पुस्तकातलं चित्र लोब्युलर कार्सिनोमाला (स्तनाच्या कर्करोगाचा एक प्रकार) चपखल बसतं: ई-कॅडहेरिन बहुतेकदा गेलेलं, पेशी एकामागे एक रांगेत. पण त्याहून कितीतरी जास्त दिसणाऱ्या डक्टल प्रकारात ते सहसा टिकून असतं आणि तरी गाठ पसरते, बऱ्याचदा पुंजक्यांनी. परीक्षकांना हे सांगाच.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार! ईजीटीए मागवतो. चरा पेशी वाढल्यामुळे बुजला की सरकल्यामुळे, असं विचारलं तर?

प्रतिसाद १
विचारतीलच. मायटोमायसिन-सी देऊन विभाजन थांबवा, मग चरा ओढा. हातमोजे घालून बरं का, ते विषारी आहे.