आधी थेंब, थ्रीडी नंतर

नर्सिंगच्या मुलींना सलाईन लावायचा सराव स्क्रीनवर द्यायचा तर थ्रीडी वॉर्ड आणि व्हीआर चष्मे (डोळ्यांपुढे आभासी वॉर्ड उभा करणारे) हवेत, अशी चर्चा चाललीय, म्हणून लिहितो. आमच्या अंबाजोगाईकडच्या नर्सिंगच्या मुली लॅबमध्ये कमी, हॉस्टेलच्या जिन्यात मोबाइलवर जास्त अभ्यास करतात. लाइट गेली की रेंजही जाते. तेव्हा सर्व्हिस वर्कर (नेट नसतानाही वेब पान चालू ठेवणारा ब्राउझरमधला छोटा प्रोग्राम) वापरून आख्खा सराव फोनच्या ब्राउझरमध्येच साठवा, उत्तरं रेंज आल्यावर सर्व्हरला जाऊ द्या.

चित्रापेक्षा गणित पक्कं हवं. ५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचंय आणि सेट (सलाईनची नळी) २० थेंबांचा आहे, म्हणजे २० थेंबांत १ मिली जातं, तर ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. तेच ६० थेंबांच्या मायक्रोसेटला १२५. मी बनवलेल्या सरावाच्या पहिल्या आवृत्तीत सेट निवडायची सोयच ठेवली नव्हती. एका जुन्या सिस्टरनं पाच मिनिटांत पकडलं! आता उत्तर टाइप करायचंच नाही. स्क्रीनवर थेंब पडतात, ते घड्याळ लावून मोजायचे आणि बोटानं नळीवरचा, थेंब कमी-जास्त करणारा रोलर फिरवायचा. फारच जोरात सोडलं तर लाल फुली येत नाही, पेशंट म्हणतो, "सिस्टर, दम लागायलाय." हे वाक्य प्रमाण मराठीत करा असं एकानं सुचवलं होतं. मी नाही केलं.